मनाच्या आजाराची इयादत

मोहल्ल्यात कुणाचा पाय मोडला, कुणाचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले, की मगरिबच्या नमाजनंतर आपण चार मोसंबी पिशवीत घालून इयादतीला निघतो. आजारी माणसाची विचारपूस करणे हा त्याचा आपल्यावरचा हक्क आहे, हे आपण लहानपणी मकतबमध्येच शिकलेलो असतो. खाटेशेजारी बसून आपण दुआ करतो, डॉक्टर काय म्हणाले ते विचारतो, घरच्यांना धीर देतो.

पण ज्याची झोप उडाली आहे, सकाळी कामावर जायच्या विचारानेच ज्याला घाम फुटतो, त्याच्याकडे पिशवी घेऊन कोण जातो? आम्ही तरी गेलो नव्हतो. तो माणूस आमचा सख्खा थोरला भाऊ होता. त्यांच्या संमतीनेच ही हकीकत लिहीत आहोत. आज आपल्याही घरांतून कुणी कॉलेजात शिकवतो, कुणी विद्यापीठाच्या कचेरीत फायली सांभाळतो, कुणी प्रयोगशाळेत सहायक आहे. कदाचित अशाच एका घरात हा लेख वाचला जाईल.

तीन वाजता उठणारा माणूस

आमचे भाईजान एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक आहेत. परीक्षेचे अर्ज, हॉल तिकिटे, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांच्या नोंदी, गुणपत्रिकांतल्या दुरुस्त्या, पुनर्मूल्यांकन असे त्यांचे काम. पूर्वी त्या टेबलावर तिघे होते. दोघे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्याच गेल्या नाहीत. काम मात्र तेवढेच राहिले, उलट नवी संगणक प्रणाली आल्यावर वाढले. निकालाच्या दिवसांत रात्रीचे नऊ-दहा वाजायचे. खिडकीबाहेर विद्यार्थ्यांची गर्दी, कुणी रडतोय, कुणी संघटनेचे कार्यकर्ते घेऊन आलाय, आणि वरून साहेबांचा फोन.

एका निकालात काही विद्यार्थी हजर असूनही गैरहजर दाखवले गेले. चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते नीट तपासण्याआधीच भाईजानच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. बावीस वर्षांच्या नोकरीतली पहिली नोटीस. पुढे खुलासा मान्य झाला, प्रकरण मिटले. पण भाईजानची झोप त्या दिवशी गेली ती गेलीच.

ते रात्री तीनला उठू लागले. वजू करून जानमाजवर बसत. अम्मी खूश झाल्या. शेजारणीला सांगत, "माझा मुलगा तहज्जुदला उठतो, माशाअल्लाह." आम्हालाही बरे वाटले. खूप नंतर भाईजानने सांगितले, "मी जानमाजवर बसायचो, पण डोक्यात नुसते बैठक क्रमांक फिरायचे. कोणती रकअत चालली आहे तेही कळायचे नाही. त्याची शरम वाटायची, म्हणून आणखी झोप यायची नाही."

वजन उतरले. जेवण सुटले. लहान मुलाच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला तर अंगावर धावून जाऊ लागले. भाभीने विचारले की एकच उत्तर, "कुछ नै, जरा थक गया." अम्मीने नजर उतरवली. खालाने एका आमिलचे नाव सुचवले, तावीज आला, पैसे गेले. आणि आम्ही? भाभीचा फोन आला तेव्हा आमच्यासमोर सहामाहीचे पेपर तपासायला पडले होते. "भाईजानना सांगा, सब्र करा, नमाजची पाबंदी ठेवा," एवढे बोलून आम्ही फोन ठेवला. त्या वाक्यात खोटे काही नव्हते. पण आम्ही ते त्यांच्यासाठी बोललो नाही, फोन लवकर संपावा म्हणून बोललो. आज ही गोष्ट आम्हाला सर्वांत जास्त टोचते.

पहिल्यांदा विचारले ते शिपायाने

एक दिवस भाईजान विद्यापीठाच्या फाटकाशी स्कूटर लावून तिच्यावर तसेच बसून राहिले. आत जायला पाय उचलेना. अर्धा तास गेला. हे आधीही झाले होते, कुणी पाहिले नव्हते. त्या दिवशी त्यांच्याच विभागातल्या शिपायाने पाहिले. वयाने लहान, शिक्षण दहावी. तो जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, दोन-तीन दिवस बघतोय, तुम्ही इथंच बसता. बरं नाही का? चला, आधी चहा घेऊ."

टपरीवर भाईजान रडले. पन्नाशीला आलेला माणूस, रस्त्यावर, शिपायासमोर. त्या पोराने उपदेश केला नाही. "माझ्या थोरल्या भावालाही असं झालं होतं, गोळ्यांनी बरा झाला," एवढेच सांगितले आणि त्यांना विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्रात घेऊन गेला.

केंद्राच्या दारावर पाटी होती, "विद्यार्थ्यांसाठी". तिथल्या बाईंनीही आधी तेच सांगितले, की कर्मचाऱ्यांसाठी अशी सोय नाही. पण त्यांनी दार लावून घेतले, तासभर ऐकले आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागासाठी चिठ्ठी लिहून दिली. नियमात नसलेली ही माणुसकी होती. ती लाभली नसती तर काय झाले असते, याचा विचार करायलाही भीती वाटते.

डॉक्टरांनी निदान केले नैराश्याचे आणि त्यासोबतच्या तीव्र चिंतेचे. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर धीर धरा, मनाने बंद करू नका, असे बजावले. महिनाभर रजा घ्यायला सांगितली. इथे पुन्हा अडले. वैद्यकीय दाखल्यावर मानसोपचारतज्ज्ञाचा शिक्का असणार, तो आस्थापना विभागात जाणार, तिथून चहाच्या टेबलावर. "वेड्याचा शिक्का बसेल, पोरीचं लग्न व्हायचंय," भाईजान म्हणाले. भाभीने मात्र ठाम सांगितले, "पोरीच्या लग्नाला बाप हवा, शिक्क्याचं बघू." रजा घेतली. आज ते पुन्हा त्याच विभागात काम करतात. औषध अजून चालू आहे. गेल्या रमजानपूर्वी त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवून घेतल्या आणि रोजे ठेवले. ज्यांना डॉक्टर रोजा नको म्हणतात, त्यांना दीनने सवलत दिलेलीच आहे. रोजासाठी गोळ्या परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

बाहेरून सुखाची नोकरी

विद्यापीठ म्हटले की लोकांना मोठी इमारत, सुट्या आणि महिन्याचा पगार दिसतो. आत डोकावले तर चित्र वेगळे असते. नेट-सेट, पीएच.डी. झालेली कितीतरी मुले-मुली आपल्या राज्यात तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुटीत काही नाही, नेमणूक दरवर्षी नव्याने, आणि मानधन अनेकदा महिनोन्महिने थकलेले. स्थळ आले की मुलीकडचा पहिला प्रश्न, "परमनंट आहे का?" वर्गात ज्याला सर म्हणतात, तो घरी पस्तिशीतही अब्बांकडे पेट्रोलला पैसे मागतो. ही अपमानाची भावना माणसाला आतून पोखरते.

जे कायम आहेत त्यांच्यावर शिकवण्याखेरीज प्रवेश, परीक्षा, नॅकच्या फायली, नव्या धोरणाचे बदललेले अभ्यासक्रम आणि रोजचे ऑनलाइन तक्ते. शिक्षकेतर कर्मचारी तर कुणाच्या नजरेतच नसतात. आणि बाई नोकरीला असेल तर घरी आल्यावर दुसरी पाळी सुरू. मुलीला कॉलेजात नोकरी लागली म्हणून आपण मिठाई वाटतो, पण संध्याकाळी ती दमून आल्यावर चहा कोण करतो, हेही विचारले पाहिजे.

हा काही एकट्यादुकट्याचा दुबळेपणा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले, म्हणजे दहांत एक. वेगवेगळ्या आजारांत उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०२४ च्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा, म्हणजे १० ऑक्टोबरचा, विषयही कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हाच होता.

सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि शिक्षक व शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा विद्यार्थ्यांमधील धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे त्यात आहे. विद्यार्थ्यांचे जीव वाचवण्यासाठी हे अत्यंत गरजेचे होते. पण ज्या लिपिकाने रडणाऱ्या विद्यार्थ्याला ओळखायचे, तो स्वतः तीन रात्री झोपलेला नसेल तर? त्या प्रशिक्षणाच्या खोलीत कुणीतरी एकदा त्यालाही विचारायला हवे, "आणि तुमचे कसे आहे?"

यासाठी फार पैसा लागत नाही. समुपदेशन केंद्राच्या पाटीवर "आणि कर्मचाऱ्यांसाठी" एवढे दोन शब्द वाढवता येतात. मात्र आपल्याच संस्थेतल्या सहकाऱ्यापुढे मन मोकळे करणे अवघड असते, म्हणून कर्मचाऱ्यांसाठी बाहेरचा समुपदेशक असेल तर उत्तम. तिथे कोण आले याची नोंद आस्थापना विभागाकडे जाता कामा नये. विद्यापीठाने मनात आणले तर काय होऊ शकते याचे उदाहरण मुंबईतच आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ ही फोनवरून समुपदेशन करणारी सेवा सुरू केली, आणि ती केवळ स्वतःच्या विद्यार्थ्यांपुरती न ठेवता सगळ्यांसाठी खुली केली.

काही संस्था वर्षातून एकदा तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवतात, फोटो काढतात आणि नॅकच्या फायलीत लावतात. व्याख्यान वाईट नाही. पण तिघांचे काम एकटा करत असेल तर त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून भागणार नाही, रिक्त जागा भराव्या लागतील. चूक झाली की नोटिशीआधी पाच मिनिटे समोर बसवून विचारावे लागेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हाताखालच्या माणसांबद्दल ताकीद दिली आहे, की त्यांच्यावर कुवतीपलीकडचे काम टाकू नका आणि टाकलेच तर त्यांना मदत करा. चौदाशे वर्षांपूर्वीची ही शिकवण प्रत्येक विभागप्रमुखाच्या टेबलावर असायला हवी. तो विभागप्रमुख आपल्यापैकी असेल तर त्याच्यावर ही जबाबदारी दुप्पट आहे.

आपले हक्क माहीत असावेत

भाईजानला शिक्क्याची जी भीती वाटत होती, ती कायदा माहीत नसल्यामुळे दुप्पट झाली होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा असून तो मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी व सरकारी मदतीच्या यंत्रणेतून मानसिक उपचार मिळणे हा या कायद्याने प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त राखणे डॉक्टरांवर व रुग्णालयावर बंधनकारक आहे. शारीरिक आजाराला ज्या पायावर विमा मिळतो, त्याच पायावर मानसिक आजारालाही द्यावा, असे विमा कंपन्यांना बजावले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानून तिच्यावर खटला न भरता तिला आधार द्यावा, हेही याच कायद्यात आहे. शिवाय दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सांगतो, की सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढून टाकू नये किंवा त्याचे पद खाली आणू नये. गंभीर, दीर्घकाळ चालणारा मानसिक आजार दिव्यांगत्वात मोडू शकतो. तेव्हा "कळले तर नोकरी जाईल" ही भीती आपण समजतो तेवढी खरी नाही.

मदत मिळवणेही आता सोपे झाले आहे. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून देशभर चालू आहे, दिवसरात्र, आणि मराठी व हिंदीतून बोलता येते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालयात जाऊन केसपेपर काढला की मानसोपचार विभागात तपासणी होते. मनोरुग्णालयात भरती होण्याची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेक जण भाईजानसारखे घरी राहून, कामावर जाऊन बरे होतात.

आपला वारसा काय सांगतो?

मनाचा आजार म्हणजे ईमानचा कच्चेपणा, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. मग हजरत याकूब (अ.) यांचे काय म्हणावे? मुलाच्या विरहात रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, हे कुरआन सांगतो. ते अल्लाहचे पैगंबर होते, आणि त्यांचा सब्र कुरआनने सुंदर म्हटला आहे. म्हणजे सब्र आणि अश्रू एकाच हृदयात राहू शकतात. हजरत खदीजा (रजि.) आणि काका अबू तालिब यांचे ज्या वर्षी निधन झाले, त्या वर्षाला आपल्या इतिहासाने दुःखाचे वर्ष असेच नाव दिले. कुणी ते लपवले नाही.

नवव्या-दहाव्या शतकात बल्ख प्रांतात अबू जैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकत्र ग्रंथ लिहिला. कारण ठाऊक असलेले दुःख वेगळे आणि उघड कारण नसताना येणारी उदासी वेगळी, असा भेद त्यांनी तेव्हा केला. दुसऱ्या प्रकाराचे मूळ शरीरात असू शकते आणि त्यावर औषधोपचार करावा, असे त्यांचे मत होते. पुढे तेराव्या शतकात कैरोत सुलतान कलावूनने बांधलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. ज्या समाजाने हे उभे केले, त्याच समाजाची लेकरे आज गोळी घ्यायला लाजतात, ही खेदाची गोष्ट आहे. प्रेषितांनी (स.) उंट बांधून मग तवक्कुल करायला सांगितले. डॉक्टरकडे जाणे हे उंट बांधणेच आहे. दुआ आणि दवा यांत भांडण नाही.

घरात काय करावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातला रस गेला असेल, चिडचिड किंवा रडू वाढले असेल, माणूस लोकांत मिसळायचे टाळत असेल, तर थकवा म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसा. "काय झालंय?" असे उलटतपासणीसारखे विचारण्यापेक्षा "बरेच दिवस झोप नाही ना तुमची?" असे जे दिसते तेच बोला. मग ऐका. मध्येच स्वतःची कहाणी, दुसऱ्याचे उदाहरण किंवा उपदेश नको. डॉक्टरकडे सोबत जा. जगण्यात आता काही अर्थ उरला नाही, असे कुणी बोलले तर ते बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी १४४१६ वर फोन लावा किंवा रुग्णालय गाठा.

आम्ही रोज वर्गात मुलांना शिकवतो, आणि शिकवता शिकवता हे एवढे साधे स्वतः शिकायला आम्हाला फार उशीर झाला. भाईजानच्या रजेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही अखेर त्यांच्याकडे गेलो. हातात मोसंब्यांची पिशवी होती. त्यांनी पिशवीकडे पाहिले आणि किती महिन्यांनी हसले. म्हणाले, "मला काय ऑपरेशन झालंय?" आम्ही म्हणालो, "इयादतीला आलोय, भाईजान. उशीर झाला, माफ करा." मग बराच वेळ कुणी काही बोलले नाही. भाभीने मोसंबी सोलून दिली, ती आम्ही मिळून खाल्ली.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या नात्यात, शेजारात, कामाच्या ठिकाणी असे कुणी आठवत असेल तर आजच मगरिबनंतर निघा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना, शरीराच्या आणि मनाच्याही, शिफा देवो, आणि आपल्याला वेळेवर त्यांच्या दारी पोहोचण्याची तौफिक देवो. आमीन.